निपाणीच्या ऑफिसात आक्काचा फोन

माझी थोरली बहीण निपाणीला दिली आहे. खानापूरजवळच्या आमच्या गावाहून तिथं जायला बेळगावात बस बदलली की झालं. तरी आक्का माहेरी येते ती दिवाळीला दोन दिवस, आणि त्यातलाही निम्मा वेळ स्वयंपाकघरात आईच्या हाताशी. तिच्याशी निवांत बोलून किती वर्षं झाली, ते आठवत नव्हतं.

मी बेळगावात नेटवर्कची कामं करणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. गेल्या वर्षी आम्हाला निपाणीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात नवे फोन बसवायचं काम मिळालं. आक्का तिथंच ॲडमिशनच्या टेबलावर कारकून आहे. मालकांना मी आपणहून म्हटलं, हे काम माझ्याकडं द्या.

हे फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालतात. सगळ्या केबली स्विच नावाच्या एका पेटीत येतात आणि त्याच केबलीतून पेटी फोनला वीजही देते. पहिल्या दिवशी मी फोन लावत गेलो, ते उजळत गेले. शेवटच्या चार टेबलांवरचे तेवढे उजळेनात. त्यातलं एक आक्काचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी केबलींची टोकं कापून पुन्हा बसवत होतो. आक्का काम करता करता बघत होती.

"केबल खराब असणार," मी म्हणालो.

"चारी टेबलांच्या केबली एकदम खराब हुतील व्हय रं?" असं म्हणून ती उठली. शेजारच्या बाई जेवायला गेल्या होत्या. आक्कानं त्यांच्या चालू फोनची केबल काढली. थोड्या वेळानं तिचा फोन उजळला. बाईंची केबल तिनं परत लावली, तर त्यांचा फोन अंधारातच राहिला.

"वीज पुरंना झालीय," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. जोडलेला फोन आपण कोण, आपल्याला वीज किती लागते, ते स्विचला सांगतो. ते ऐकून घ्यायची सोय स्विचवर बंदच राहिली होती. त्यामुळं प्रत्येक फोनसाठी स्विच गरजेपेक्षा कितीतरी जास्त वीज राखून ठेवत होता आणि शेवटच्यांना काही उरत नव्हतं. आक्काला शेजारी खुर्ची देऊन मी लॅपटॉपवर ती सोय चालू केली. फोन एकेक करून बंद करून पुन्हा चालू केले. या वेळी सगळे लागले.

आक्का बराच वेळ स्क्रीनकडं बघत होती. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्ससाठी तिचा नंबर लागला होता. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. पुढं चार वर्षांनी त्याच कॉलेजात मी शिकलो. या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर स्विचपाशी बसून मी एकेका टेबलाला फोन करून आवाज तपासला. आक्काचा नंबर आला.

"आवाज येतोय?" मी विचारलं.

"येतोय की. जेवलास न्हवं?"

"जेवलो."

ती मग म्हणाली, "काल लई बरं वाटलं बघ. मला जमलं असतं रं हे काम."

समोर बसून ती हे बोलली नसती. मला एवढंच सुचलं, "माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं."

"व्हय," ती म्हणाली आणि हसली. आम्ही पुढं कितीतरी वेळ बोलत राहिलो, आईचे गुडघे, गावची भातं, तिच्या मुलीची परीक्षा. बाकीची टेबलं तपासायची राहिली होती, ती मग घाईनं उरकली.

आता त्या स्विचचं काम बेळगावात बसूनच होतं. निपाणीला जायचं निमित्त मिळत नाही. मागच्या महिन्यात तिथला एक फोन बिघडला. मी जाऊन येतो म्हटलं, तर मालक म्हणाले, "नवा फोन पार्सलनं पाठव. बसवायला त्यांच्या ऑफिसात एक बाई आहेत. सगळं त्याच बघतात."

मी पार्सल केलं. दोन दिवसांनी आक्काला मोबाईलवर विचारलं, "लागला का फोन?"

"लागला. सकाळीच बसवला." मग म्हणाली, "तू येशील असं वाटलंतं."

"मलाबी वाटलंतं," मी म्हणालो. तेवढ्यात तिच्या टेबलापाशी कुणीतरी आलं आणि तिनं फोन ठेवला.