चार बोटं कमी बाही

लीला गेली तेव्हा मी खाली बाजारात बोंबील घेत होतो. वर आलो तर सून अश्विनी गॅलरीत उभी. तिचं तोंड बघूनच समजलो. पिशवी तिच्या हातात दिली आणि आत गेलो. लीला नेहमीच्या खुर्चीत बसलेली, जेवून डोळा लागावा तशी. दीड महिना झाला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे नटवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

लीलाला आयुष्यात एकच हौस, सगळ्या घराला घेऊन बर्फ बघायला जायचं. वाण्याने दिलेल्या कॅलेंडरवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. ते कापून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पण आम्ही लालबागची कोकणी माणसं. गिरणीची रजा मिळाली की गाव. मे महिन्यात गाव, गणपतीला गाव. तिसरी जागा आम्हाला ठाऊकच नव्हती. मी म्हणायचो, "बर्फ कसला बघायचा? मासळीबाजारात पापलेटाखाली रोज दिसतो." आणि हात उडवायचो. तिने मात्र स्वेटर विणायला घेतले. लालबागमध्ये, पंख्याखाली घाम पुसत! शेजारणी हसायच्या, "लीलाबाई, कोणाला ताप भरलाय?"

मुलगा विजू, मी आणि ती, असे तिघांचे तीन स्वेटर झाले. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. विजू वाढला की त्याचा स्वेटर उसवायचा आणि मोठा विणायचा. उसवताना माझं काम ठरलेलं. दोन्ही हात पुढे वर धरून बसायचं, ती उसवलेली लोकर त्यांवर लडीसारखी घ्यायची, मग तिचा गोल गुंडा करायची. गिरणीत चार माग सांभाळणारा माणूस घरात खुंटी झाला होता. जरा हात खाली आला की ती, "हात वर धरा! गुंतता मगे." गिरणी बंद पडली, विजूचं लग्न झालं, सुनेचा स्वेटर झाला, नात ईशाचा झाला. ट्रंक भरत गेली, आम्ही मात्र तिथेच.

तीन वर्षांपूर्वी विजूने मनालीचं पाच जणांचं बुकिंग केलं. मी म्हणालो, "तुम्ही जा. मी घर सांभाळतो." घराला काय पाय फुटणार होते? खरं सांगतो, मला भीती वाटत होती. लालबाग आणि गाव सोडून मी कुठेच गेलो नव्हतो. हॉटेलात काय बोलायचं, कसं बसायचं... मुलासुनेसमोर बावळट दिसलो असतो. हे मी कोणाला सांगितलं नाही, नुसता हात उडवला. विजू चिडला. लीला चिडली नाही. "तुमी नाय इलात तर मी पण जावचंय नाय," एवढंच बोलली. ट्रंक उतरवायला लावली आणि माझा स्वेटर घेऊन समोर बसली. बाही सुटी केली आणि उसवायला लागली.

"हे काय करतेस?"

"घालणारोच येवचो नाय तर लोकर कित्याक अडकवची? हात वर धरा."

मीही गाढव, सवयीने हात वर धरले. माझाच स्वेटर माझ्याच हातांवर उतरायला लागला. एक बाही पुरी गेली, दुसरीला तिने हात घातला, तेव्हा म्हणालो, "थांब. येतो मी."

मग ती बाही गाडीत विणली. दिल्ली येईपर्यंत सुया चालू, पुढे बसमध्येही चालू. मनाली आली तेव्हा बाही चार बोटं कमी होती. तशीच बंद करून अंगात चढवली. बर्फ बघायला वर गेलो तर रस्त्यात भाड्याचे लांब कोट आणि गमबूट. विजूने सगळ्यांना घालायला लावले. लीलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इतकी वर्सां विणलंय, आणि वर ह्या कोणाचां घामट?" फोटोच्या वेळी तिने पाचही जणांचे कोट उतरवले. आम्ही कुडकुडतोय, दात वाजतायत, आणि ती मधे हसतेय. खाली वाकून तिने मूठभर बर्फ उचलला, दाबून बघितला आणि मला म्हणाली, "बाजारातल्यापेक्षा मऊ आसा हो."

घरी आल्यावर म्हटलं, बाही पुरी कर. म्हणाली, "असूंदे. पुढच्या खेपेक नाय म्हटलात तर ही दाखवतलंय." पुढची खेप दार्जिलिंग. तेही चित्र दाराला लागलं होतं. त्याआधीच ती गेली. पण बर्फ बघून गेली, सगळ्यांना घेऊन बघून गेली. रडायला येतं, नाही असं नाही. पण मन भरलेलं आहे.

गेल्या रविवारी ईशाने ट्रंक उघडली. तिचा स्वेटर तिला होईना. अश्विनी मोबाईलवर बघून विणायला शिकलीय. ती उसवायला बसली आणि मी न सांगता समोर जाऊन हात वर धरले. ईशा माझा स्वेटर घेऊन आली. "आजोबा, ही बाही पण पुरी करूया?" म्हटलं, "तिला हात लावायचा नाही." ती स्वेटर माझ्या मांडीवर ठेवून गेली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला...

तेवढ्यात विजूने विचारलं, "बाबा, दार्जिलिंगचं बुकिंग करतोय. याल ना?"

मांडीवर ती आखूड बाही, आणि दोन्ही हात लोकरीत. उडवायला एकही मोकळा नव्हता.

"येतो," म्हणालो.