ताटात धुतलेला हात

माझ्यामुळे जिची नोकरी हुकली त्या मुलीचं नाव मनीषा. वेळ — चार वर्षांपूर्वीच्या जुलैतला शेवटचा शनिवार, दुपारचे पावणेदोन. ठिकाण — चाकणजवळ हायवेवरचं एक एसी हॉटेल. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कामगार संघटनेतल्या मित्रांना नाही, आईला नाही. सांगितलं ते उलटंच — आणि तेही छापून.

तुम्ही मला ओळखता ते पत्रकांमुळे. शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर तुमच्या हातात कागद कोंबणारा, 'जाब द्या!' असं जाड अक्षरात लिहिणारा — तो मी. पण पत्रकांनी पोट भरत नाही. म्हणून तेव्हा एका डिप्लोमा कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकास शिकवायचो. मुलाखतीत बसायचं कसं, बोलायचं कसं आणि — हसू नका — जेवायचं कसं. कारण तिथं भरतीला येणारी एक कंपनी शेवटची फेरी जेवणाच्या टेबलावर घ्यायची. क्वालिटी विभागात घेतलेल्या पोरांना परदेशी पाहुण्यांसोबत बसावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

मला याचा राग होता. खरा राग होता, आजही आहे. कॅन्टीनमधून आणलेल्या काटे-सुऱ्या वाटल्या, थंड डोसा कापायला लावला, नॅपकिन मांडीवर घ्या, चावताना तोंड मिटा — हे सगळं मी अर्ध्या तासात उरकलं. उरलेल्या वेळात भाषण ठोकलं. तुमच्या आईनं शिकवलेली रीत म्हणजे अडाणीपणा नव्हे, वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून मनीषा उठली. मूळची लातूरकडची, वडील कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, तळेगावहून दोन वाहनं बदलून यायची. "सर, आमी घरी जेवण झालं की ताटातच हात धुतो. तिथं चालंल का?"

साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं — नको, उठून बेसिनवर जा. पण टाळ्या अजून कानात होत्या ना! मी म्हणालो, "बिनधास्त धू. लाजायचं काय त्यात?"

थेरगावातल्या आमच्या घरी वडील आजही ताटात पाणी ओतून, शेवटचं शीत सुटेपर्यंत बोटं धुऊनच उठतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण बाहेर, चार साहेबलोकांत, मी स्वतः कधी तसं केलं होतं? एकदाही नाही. म्हणजे मला उत्तर माहीत होतं.

त्या शनिवारी टेबलावर आठ पोरं, कंपनीचे दोन साहेब आणि मी. काटा-चमचा मनीषानं नीट सांभाळला. शेवटचा वरण-भात मात्र तिनं हातानं खाल्ला. बोटं धुवायची लिंबाच्या पाण्याची वाटी अजून साहेबांच्याच बाजूला होती. तिनं ग्लासातलं पाणी ताटात ओतलं आणि शांतपणे बोटं धुतली.

मोठे साहेब — शॉप फ्लोअरवरूनच वर चढलेला माणूस — हसले. "अगं, माझी आई पण असंच करते! काय सर, हे नाही का शिकवलंत पोरांना?"

वाईट हसू नव्हतं ते. 'मीच सांगितलं होतं तिला' — चार शब्द. काय गेलं असतं माझं? पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या, आणि मी —

मी म्हणालो, "शिकवलं होतं सर. ही त्या दिवशी गैरहजर होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हात ताटावर तसाच, पाणी ठिबकत होतं. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "हो सर. नव्हते मी."

का म्हणाली? सरांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून? मी कधी विचारलं नाही.

साहेबांचं हसू मावळलं. "ट्रेनिंगलाच दांडी? मग लाइनवर काय दिवे लावणार?" पेन काढून त्यांनी यादीतलं एक नाव खोडलं. ताटात धुतलेला हात त्यांनी माफ केला होता. दांडी नाही केली. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला हवं का? दोन वर्षांत एक दिवस न चुकवलेली मुलगी माझ्या एका वाक्यानं दांडीबहाद्दर ठरली.

पुढचं याहून वाईट आहे. सोमवारी मी पत्रक लिहिलं. 'हातानं जेवली म्हणून नोकरी नाकारली!' त्यात साहेब राक्षस होते, आणि टेबलावरून ताडकन उठून निषेध करणारा एक तरुण शिक्षक होता. पत्रक गाजलं, राव. संघटनेत मला नाव मिळालं ते त्याच कागदावर. सभेत अजूनही तो प्रसंग सांगायला लावतात — आणि मी सांगतो. आवाज चढवून सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही ते पुन्हा छापलं. एका गेटवर वाटताना समोर मनीषा. ठेकेदाराकडे पॅकिंगला लागलेली. तिनं पत्रक घेतलं, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, चार घड्या करून डब्याच्या पिशवीत ठेवलं. "चांगलं लिवलंय, सर." टोमणा होता? आवाजात तरी नव्हता. मागून पोरी ओरडल्या, "मने, पंचिंग राहील, चल की!" ती पळाली.

आणि मी? पुढच्या माणसाच्या हातात पुढचं पत्रक दिलं. होय, दिलं.

मला माफी नको. ते पत्रक तुमच्या लॉकरमध्ये, घरात, युनियनच्या फळ्यावर कुठंही असेल, तर फाडू नका — फाडलंत तर माझीच लाज झाकली जाईल. पेन घ्या आणि माझ्या नावाखाली लिहा : मनीषा त्या दिवशी हजर होती, आणि तिनं विचारलंही होतं.