तिसऱ्या निवृत्तीचं मानपत्र

मला अजून एकही नोकरी कायमची लागली नव्हती, तेव्हा आमचे भाऊसाहेब तिसऱ्यांदा निवृत्त होत होते. पहिला निरोप त्यांना संस्थान विलीन झालं तेव्हा मिळाला, दुसरा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडताना. दोन्ही वेळच्या शाली थंडीत ते आलटून पालटून पांघरत. दुसऱ्या निवृत्तीनंतर सरकारी पेन्शन सुरू झालं आणि लगेच ते भोरमधल्या आमच्या शेतकरी सहकारी सोसायटीत, खतांच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत, चिटणीस म्हणून येऊन बसले.

मी तिथला बी.ए. झालेला हंगामी कारकून. हंगामी म्हणजे काही महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमायचं. कायम करण्याची भानगड उरत नाही. भाऊसाहेबांना थोडक्या पगारात परवडत असे, कारण उरलेलं सरकार देत होतं. मला त्यांच्या पेन्शनचा हेवा वाटे, पगाराचाही वाटे, पण सगळ्यात जास्त वाटे तो त्यांच्या दुपारच्या झोपेचा. टोपी डोळ्यांवर ओढून ते खुर्चीतच निर्धास्त झोपत. हंगामी माणसाला असं झोपता येत नाही.

"बी.ए., कुणी आलं का?" जाग आल्यावर ते विचारत.

"नाही, भाऊसाहेब."

"मग मला कशाला उठवलंत?"

मी उठवलेलं नसे.

एके दिवशी त्यांनीच जाहीर केलं की आता पुरे, गुडघे दुखतात. त्यांच्या जागी मला कायम करायचं, असं चेअरमन तोंडी बोलून गेले. चेअरमन वेल्ह्याकडचे शेतकरी, माणूस मोकळा.

"भाऊसायबांना थाटात निरोप दिऊ, मंग खुर्ची तुमचीच हाय. मानपत्र तेवडं तुमी लिवा. झ्याक लिवा!"

मानपत्र हा प्रकार मला कधीच सोसला नाही. ज्याच्याविषयी लिहिलेलं असतं तो माणूस समोर बसलेला असतो, एवढाच त्याचा आणि मृत्युलेखाचा फरक. पण खुर्ची मिळणार होती, तेव्हा मी हात आखडता घेतला नाही. 'अथक परिश्रम', 'तरुणांना लाजवील असा उत्साह', 'तल्लख स्मरणशक्ती', 'आपणांवाचून ही संस्था पोरकी' असं सगळं घातलं. गुडघ्यांचा उल्लेख टाळला. माणूस जितका थोर ठरेल तितकं त्याला परत येणं अवघड जाईल, असा माझा अंदाज होता.

समारंभ गोदामातच झाला, पोती एका बाजूला सारून. मानपत्र मीच वाचलं. 'पोरकी'पाशी मागे कुणीतरी डोळे पुसले. खताचा वास लागला असेल. चेअरमननी तिसरी शाल भाऊसाहेबांच्या अंगावर घातली आणि ते लोकांकडे वळले.

"मंडळी, आत्ता काय ऐकलं आपुन? ह्यो मानूस दमत न्हाई. काय इसरत न्हाई. आन् असल्या मानसाला घरी बसवायचं? आमी काय येडं हाय व्हय?"

टाळ्या पडल्या.

"पेन्शन हाय त्यांना. लई मागत बी न्हाईत!"

आणखी टाळ्या पडल्या. भाऊसाहेब उठले. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, तो मी मोठ्या आशेने पाहिला.

"आपला एवढा आग्रहच आहे," ते म्हणाले, "तर माझा नाइलाज आहे."

पेढे वाटले जात असताना ते माझ्याजवळ आले. "बी.ए., फार छान लिहिता हो. माझ्यात एवढं सगळं आहे हे मला कुठे ठाऊक होतं?"

पेन्शन आणायला ते महिन्याच्या सुरुवातीला कचेरीत जात. तिथले कारकून त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. चहापाण्यात, चौकश्यांत दुपार होई. तेवढा वेळ मी त्यांच्या खुर्चीत बसत असे. अशाच एका सकाळी आंबवड्याचे एक म्हातारे शेतकरी भाताच्या बियाण्याची चौकशी करायला आले.

"सायेब कुठं गेलं?"

"पेन्शन आणायला."

"मंग तुमी कोन?"

"मी हंगामी. काय काम आहे ते सांगा, मी करतो."

त्यांनी आधी मला आणि मग खुर्चीला नीट पाहून घेतलं.

"नगं," ते म्हणाले. "थांबतो की म्या."

आणि पागोटं काढून मांडीवर ठेवत ते समोरच्या बाकावर बसले.