अष्टमीच्या कळ्या

"मामा, आई गेली," एवढेच मृणाल फोनवर म्हणाली. माझी धाकटी बहीण सिंधू शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलीच नाही... त्याला आता काही आठवडे लोटले. पण तिचे स्मरण करू गेलो की रुग्णालय आठवत नाही. आठवते ते बोरीवलीचे, जंगलाच्या कडेचे वृक्षोद्यान.

चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून प्राशन कराव्यात, म्हणजे शोक दूर राहतो, हे व्रत तिला आमच्या आईने दिलेले. सोसायटीच्या कुंपणालगतचे, लोक अशोक म्हणतात ते सरळसोट उंच झाड खरा अशोक नव्हेच, म्हणून ती दरवर्षी कांदिवलीहून या उद्यानातल्या खऱ्या, केशरी फुलांच्या अशोकाकडे येई. यंदा तिची लेक मृणाल आणि मी तिच्यासोबत होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेला होकार की नकार, हे संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना कळवायचे होते, आणि सिंधू त्याविषयी अक्षर बोलत नव्हती. चढावर तिला धाप लागली, तसा लेकीचा संयम सुटला.

"आई, हो की नाही ते सांग ना. झाडं बघत काय फिरतेयस?"

"ओरडू नकोस गं. रखवालदाराला वाटेल, मी फुलं चोरली."

फुले तोडण्यास तिथे मनाई. झाडाखाली उभी राहून तिने मला विचारले, "अण्णा, गळलेल्या चालतील का रे?" भूमीवर पडलेले फूल देवाला वाहत नाहीत, हे ती जाणून होती. मी म्हणालो, "वाहायच्या कुठे आहेत? प्यायच्याच ना. चालतील."

खोडाला धरून, थांबत थांबत तिने कळ्या वेचल्या. आम्हांला हात लावू दिला नाही. पिशवीतल्या चांदीच्या फुलपात्रात पाणी ओतून त्यात त्या सोडल्या... आणि ते मृणालपुढे धरले.

"ऑपरेशन करते मी. पण हे तू पी. मी गेले तर शोक तुला व्हायचाय, मला नाही."

"काहीही बोलू नकोस. तू घरी येणारेस."

मृणालने फुलपात्र घेतले, पण ओठांना लावले नाही. रिक्षात दोन्ही हातांत धरून तिने ते तसेच घरी नेले.

आजही ते सिंधूच्या देवघरात आहे. पाणी आटले, कळ्या काळवंडून तळाशी चिकटल्या. गेल्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा मृणालने त्यात ताजे पाणी ओतले. "मामा, कळ्या पिताना आई म्हणायची तो श्लोक सांगा." मी हात जोडले. मला शोकरहित कर, अशी अशोकाला विनवणी करणारा तो श्लोक. पहिला चरण म्हणून झाला...

"थांबा मामा," ती हलकेच म्हणाली. "इतक्यात नको."

तिने फुलपात्र होते तिथे ठेवले. मीही पुढचा चरण म्हटला नाही.