मामेसासऱ्यांची बंदूक आणि हॅरल्डची संघटना

अमेरिकेत बंदुका बाळगणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी बंदुकीला नमस्कार करून मगच ऑफिसला जाणारा माणूस त्या सबंध खंडात एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लग्न ठरवताना माझ्या आईनं हिच्या घराण्यात कुणाकुणाला डायबेटिस आहे इथपर्यंत चौकशी केली होती. शिकागोजवळ राहणाऱ्या मामाच्या तळघरात शॉटगन आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं ते नेपरव्हिलला त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा. श्रीखंडाची दुसरी वाटी माझ्यापुढं सरकवत मामा म्हणाले, "जावईबापू, जेवण उरका आणि खाली चला. तुम्हाला आमचं दैवत दाखवतो." मला वाटलं गणपती असेल. खाली गेलो तर भिंतीतल्या कुलपाच्या कपाटात, लाल मखमलीवर, झेंडूचा हार घातलेली बंदूक! हार प्लॅस्टिकचा होता, पण बंदूक खरी होती. मी घाबरून चपला कुठं काढू म्हणून विचारलं.

बंदूकवाला म्हटला की डोळ्यांपुढं जे काही येतं त्यातलं मामांच्यात काही म्हणजे काही नव्हतं. किडकिडीत अंग, नाकावर घसरलेला चष्मा, आणि शाकाहारी इतके कडक, की कुणाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा "अंडं आहे का?" विचारल्याखेरीज तोंडात घालणार नाहीत. एकदा त्यांच्या गॅरेजमध्ये उंदीर निघाला. मामींनी पिंजरा आणला. मामांनी तो उंदीर पिंजऱ्यासकट गाडीत घातला, बाजूच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि चांगला लांब जंगलात नेऊन सोडला. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "एकटाच होता गं. दुसराही सापडला तर बरं होईल, त्याच जागी सोडून येईन." मामींनी कपाळावर हात मारला. असा हा माणूस बंदुकीचा धनी.

ती बंदूक घरात आली ती दसऱ्यामुळं. मामा मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या घरी एक तलवार होती आणि दसऱ्याला तिची पूजा व्हायची. अमेरिकेतली आपली मंडळी दसऱ्याला गाडीला हळदकुंकू लावतात, कुणी टूलबॉक्स पुजतो, आमच्यासारखे कॉम्प्युटरवर फूल ठेवून मोकळे होतात. मामींनी पहिल्या वर्षी पाटावर स्क्रूड्रायव्हर मांडला, तर मामा चिडले. "हे अवजार आहे. शस्त्र नाही. देवीला काय फसवायचं?" तलवार काही मिळेना. मग मामांनी बंदूक बाळगायचं रीतसर सरकारी कार्ड काढलं आणि बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "शिकार कशाची करणार?" मामा म्हणाले, "शिकार नाही, पूजा करणार." हे सांगताना मामा दरवेळी थांबायचे, आणि मग म्हणायचे, "अरे, त्याला काही नवल वाटलं नाही रे! मान हलवली आणि बिल केलं. जणू निम्मं गिऱ्हाईक त्याच कामाला येतं."

पूजेपुरती घेतलेली ती बंदूक पुढं चालायला लागली, ती शेजारच्या हॅरल्डमुळं. हॅरल्ड रेल्वेतून रिटायर झालेला, सहा फुटी, कमी बोलणारा माणूस. कुंपणापलीकडून त्यानं एका दसऱ्याला ही सगळी पूजा पाहिली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ज्या वस्तूला तू देव मानतोस ती वस्तू चालते कशी, हे तुला माहीत असावं." मामांना हे एकदम पटलं. दर शनिवारी सकाळी दोघं हॅरल्डच्या पिकअपमधून गावाबाहेरच्या क्लबात जायला लागले. तिथं मशीनमधून मातीच्या चकत्या हवेत उडतात आणि त्या छऱ्यांनी फोडायच्या असतात. मामा त्याला शाकाहारी शिकार म्हणायचे. नेम यथातथाच, पण चकती फुटली की "हाणली!" असं अस्सल सातारी ओरडायचे. तो शब्द पुढं क्लबातले मक्याचे शेतकरीही ओरडायला लागले.

आणि दसऱ्याला हॅरल्ड आपली बंदूक घेऊन मामांकडं यायचा. दसरा वीकेंडला ढकलणं मामांना मान्य नव्हतं. इथल्या मराठी मंडळाचा दसरा शनिवारी असो नाहीतर रविवारी, मामा मूळ दिवशी रजा काढून दुपारच्या विजयमुहूर्ताला पूजा करणार म्हणजे करणार. अंगणात रेडबडचं झाड होतं, त्याची बदामाच्या आकाराची पानं सोनं म्हणून लुटायची. "आपट्याचा लांबचा चुलतभाऊ आहे," असं मामा सांगायचे, आणि मी पुढं एका वनस्पतिशास्त्रवाल्याला विचारलं तर ते चक्क खरं निघालं! पहिल्या वर्षी मामांनी भक्तीच्या भरात दोन्ही बंदुकांवर अक्षता अशा काही उधळल्या, की त्या शनिवारी क्लबात मामांची बंदूक अडली ती अडलीच. हॅरल्डनं ती उघडली, चिमटीनं तांदळाचे दाणे काढले आणि सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाला, "पुढच्या वर्षी भात बाहेर ठेव." तेव्हापासून अक्षता पाटावर, आणि बंदुकीच्या लाकडावर फक्त हळदकुंकवाचं एक बोट. हॅरल्डच्या लाकडात ते कुंकू मुरलं. त्यानं ते कधी पुसलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "माझी मंतरलेली आहे. तुझी नाही."

आता हे सगळं इतकं गोड होतं, तर बिनसलं कशावरून? तर बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेवरून. हॅरल्ड तिचा जुना, निष्ठावंत सभासद, आणि मामांनी तिचं सभासद व्हावं ही त्याची एकच इच्छा. मामांचा स्वभाव आधीच उफराटा. मंडळाच्या जेवणात आमचे एक हृदयरोगतज्ज्ञ काका तावातावानं म्हणाले, "ही संघटना म्हणजे कीड आहे, यार! इमर्जन्सी रूममध्ये येऊन बघा." तर मामा पुरणपोळी खाली ठेवून संघटनेची वकिली करायला बसले: पोरांना बंदूक सुरक्षित हाताळायला तेच शिकवतात, एकट्यादुकट्याचं वॉशिंग्टनमध्ये कोण ऐकतं, चार माणसं एकत्र आली तर बिघडलं कुठं? आणि त्याच शनिवारी क्लबात, जिथं सगळेच संघटनेचे, तिथं नेमकं उलटं. "माझ्या नावानं ते काय बोलणार ते मला विचारतात का? बंदूक मिळायला चार दिवस थांबा म्हटलं तर यांचा लगेच आरडाओरडा. मी ग्रीन कार्डासाठी किती वर्षं थांबलो, तुम्हाला एका बंदुकीसाठी थांबवत नाही?" मंडळात त्यांना बंदूकवाले म्हणायचे आणि क्लबात बंदुकीचे वैरी. मामांना दोन्हीकडं मजा यायची. त्यांची मुलगी कॉलेजातून घरी आली की नुसती म्हणायची, "डॅड, प्लीज, नॉट अगेन."

पण हॅरल्डनं एकदा जे म्हटलं ते मामांना लागलं. तो म्हणाला, "आम्ही तिकीट काढतो आणि तू त्याच बसमधून फुकट जातोस." फुकट! जो माणूस कुणाकडं जेवायला जाताना हातात डबा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, त्याला फुकट्या म्हणणं म्हणजे झालंच. पुढचे कित्येक शनिवार मामा क्लबात थर्मास भरभरून चहा न्यायचे, सगळ्यांची रिकामी काडतुसं वेचायचे, शेडचं गळकं छप्पर त्यांनी स्वतः शिडीवर चढून दुरुस्त केलं. सभासद मात्र झाले नाहीत. मला म्हणाले, "मैत्री म्हणून माग, जीव देतो. पण सही म्हणजे मत. जे मत माझं नाही ते कसं देऊ?"

आणि मग क्लबात ठराव आला, की यापुढं क्लबाचा प्रत्येक सभासद हा राष्ट्रीय संघटनेचाही सभासद असलाच पाहिजे. नाहीतर त्याला क्लब बंद. म्हणजे मामांचा शनिवार बंद. सभेला हॅरल्डच्या पिकअपमधून आम्ही तिघं गेलो. मला मामांनी नेलं होतं ते "आपल्या बाजूचं एक तोंड दिसू दे" म्हणून. मामा उभे राहिले. त्यांचं इंग्रजी एरवी घरंगळत जायचं, पण त्या दिवशी एकेक शब्द ठेवून बोलले. "तुमची संघटना वाईट आहे असं मी म्हणत नाही. मंडळात तर मी तिच्यासाठी भांडतो. तुम्ही मला पटवा, मी उद्या सभासद होईन. पण दारात उभं राहून जबरदस्तीनं करून घेतलंत, तर तो सभासद कसला? आणि स्वातंत्र्यासाठीच आहे ना तुमची संघटना?" कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मग मतदान. ठरावाच्या बाजूनं बहुतेक सगळे हात वर झाले. मी मामांकडं बघत होतो, आणि मामा फक्त एका हाताकडं. हॅरल्डचा हात वर गेला. हळू गेला, पण गेला.

आलो एका गाडीतून, तर जाणारही एकाच गाडीतून. पिकअपच्या सलग सीटवर डावीकडं हॅरल्ड, उजवीकडं मामा आणि मधे मी, गुडघे पोटाशी. मामांनी तोंड खिडकीकडं फिरवलेलं, हॅरल्डचं रस्त्याकडं. असा प्रवास वैऱ्यावरही येऊ नये हो!

त्यानंतर शनिवारी मामा तळघरात बसून बंदूक पुसायचे. न उडालेली बंदूक किती पुसणार? मामी म्हणाल्या, "अहो, सही करून टाका ना. कागदच आहे." मामा म्हणाले, "त्याला माझी सही हवी होती, मला त्याची साथ. दोघांनाही मिळाली नाही, फिटंफाट." पण फिटंफाट काही झाली नव्हती. बर्फ पडलं की हॅरल्ड पहाटे येऊन मामांचा ड्राइव्हवे साफ करून जायचा, आणि मामा पडद्याआडून बघत उभे राहायचे. बाहेर जाऊन एक हाक मारायला काय झालं होतं? पण नाही. दोघंही हट्टी, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

दसरा आला. आम्ही दोघं गेलो होतो. मी म्हटलं, "मामा, हॅरल्डला बोलावणं पाठवू?" मामा उखडले. "दरवर्षी काय आमंत्रण छापत होतो? त्याला तिथी कळते. मीच कॅलेंडर दिलंय." पाट मात्र दोन मांडले होते. एकावर मामांची बंदूक, दुसरा मोकळा. मुहूर्त उलटत चालला, पुऱ्या निवल्या, हिनं मला दोनदा डोळ्यांनी खुणावलं, आणि मामा आपले समईची वात पुढं-मागं करत बसलेले. पूजा सुरू करायला हात उचलेना. एवढ्यात दारावर थाप पडली. रविवारी चर्चला जायचा कोट घातलेला हॅरल्ड, आणि हातात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली बंदूक. दारातच म्हणाला, "तू सभेत जे बोललास त्यातलं मला काहीही पटलेलं नाही." मामा म्हणाले, "मलाही तुझा हात पटलेला नाही. बूट काढ."

हॅरल्डनं बूट काढले. मामांनी त्याच्या बंदुकीला जुन्या डागावरच नवं कुंकू लावलं. मग रेडबडची पानं एकमेकांना दिली, मामांनी त्या सहा फुटी माणसाला मिठी मारली, ती त्याच्या बरगड्यांपर्यंतच पोचली.

क्लब गेला तो गेलाच. पण त्या दिवसापासून शनिवार परत आला, तो मामांच्या गॅरेजमध्ये. दोन घडीच्या खुर्च्या, मधे चहाचा थर्मास. हॅरल्ड संघटनेचं मासिक घेऊन यायचा आणि अडखळत, थांबत, मोठ्यानं वाचायचा. मामा दर वाक्याला हरकत घ्यायचे. आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. काही वर्षं हे असं चाललं. मामांना पटवायचा नाद हॅरल्डनं सोडला नाही आणि मामांनी पटवून घेतलं नाही, आणि मला वाटतं त्यातच दोघांचं आयुष्य वाढलं असावं.

मग एका हिवाळ्यात हॅरल्ड गेला. झोपेतच गेला. त्याच्या मुलानं घर विकलं, आईला आणि ती कुंकवाचा डाग असलेली बंदूक घेऊन तो दूर दक्षिणेत निघून गेला. पुढं मामी फोनवर हिला म्हणाल्या, "अगं, हे वाद घालायचे बंद झालेत. मंडळात डॉक्टरांनी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाले, असेल बुवा."

वसंतात आम्ही त्यांच्याकडं गेलो. शनिवार होता. गाडी लावतोय तोच गॅरेजमधून मामांचा आवाज, चांगला चढलेला! मला हायसं वाटलं, म्हटलं कुणीतरी आलंय. आत जाऊन बघतो तर मामा एकटेच. खुर्च्या दोन मांडलेल्या, चहाचे पेलेही दोन, आणि मामांच्या हातात त्या संघटनेचं मासिक. पाकिटावर नाव मामांचं.

"मामा! तुम्ही मेंबर झालात?"

"झालो." त्यांनी चष्मा वर सरकवला. "करू काय मग? तो गेल्यापासून माझ्याशी भांडायलाच कुणी नाही. घरात ही हो म्हणते, मंडळात सगळे हो म्हणतात. हे मासिक तेवढं अजून त्याच्यासारखं बोलतं." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "मत बदललेलं नाही माझं. उगाच गावभर करू नका."

नाही करत, म्हटलं. त्यांनी मासिक माझ्या हातात दिलं, मोकळ्या खुर्चीकडं बोट केलं. "बसा. मोठ्यानं वाचा. आणि असं भरभर नाही, तो वाचायचा तसं, थांबत थांबत."

मी वाचायला लागलो. पहिला परिच्छेद संपला, दुसरा संपला, पान संपलं, तरी मामांची एकही हरकत नाही. मी वर पाहिलं. मामा उघड्या दारातून पलीकडच्या ड्राइव्हवेकडं बघत होते. मग म्हणाले,

"साफ चूक आहे सगळं. पुढचं वाचा."