नडगीवरचा खड्डा

माणसाचं भवितव्य त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं, असं जाणते लोक सांगून गेले आहेत. माझं नडगीवर असतं. मूत्रपिंडांचा आजार नऊ वर्षं एकाच जागी बसून आहे. तो उठू नये म्हणून जेवणात मीठ नावाला, आणि रोज सकाळी माझी बायको सुनंदा नडगीवर अंगठा दाबून सूज पाहते. खड्डा लगेच भरला तर दिवस आमचा; राहिला तर डॉक्टरांचा.

काल मी हट्टाने कैरीच्या नव्या लोणच्याची एक फोड मागून खाल्ली होती. आज अंगठा बराच वेळ उचललाच जाईना.

"हलू नका."

"श्वास घेऊ ना?"

"तोंड मिटून घ्या."

तिने अंगठा उचलला. दोघंही वाकून पाहत राहिलो. एका फोडीसाठी एवढं पणाला लावावं का? पण जिभेला काही आठवणारच नसेल, तर हे पाय जपायचे तरी कशासाठी?

खड्डा भरला.

"असं झणझणीत लोणचं जन्मात खाल्लं नव्हतं," मी म्हणालो. "आजही एक फोड वाढ."

"वाढते की," ती म्हणाली. "कालचीही लहान मुलांना देतात तशी पाण्याने धुऊनच दिली होती."