मागच्या पत्र्याची फट

बुटाचं टोक माझ्या तळव्याला लागलं. दोनदा. टायरात हवा आहे का बघतात, तसं.

"मिस्त्री, ही जोडवी घालून कोण झोपलंय माझ्या जीपखाली?"

मी पाठीवर. पोटावर पाना, हात ग्रीसनं माखलेले. आणि पहिलं काय केलं? साडी घोट्यापर्यंत ओढली. बत्तीस वर्षांची घोडी मी, आणि अक्कल ही एवढी.

आमचे हे चहाचा ग्लास घेऊन धावत आले. "ती होय? गाडीचे भाग धुवाला येते, साहेब. पुसाला घुसली आसंल."

भाग धुवायला येते. मंगळसूत्र ह्यांनीच बांधलेलं.

पनवेलच्या जुन्या हायवेला आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. ह्यांच्या कमरेतला मणका सरकलेला, गाडीखाली झोपता येईना. म्हणून मी झोपायला लागले. शिकवलं ह्यांनीच, स्टुलावर बसून. पुढंपुढं शाफ्टचे जॉईंट सगळे माझ्याकडेच. शाफ्ट म्हणजे मागची चाकं फिरवणारा लांब लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना जॉईंट, आपल्या मनगटासारखे. आत चार हातांचा क्रॉस असतो. प्रत्येक हातावर एक वाटी, आणि वाटीच्या कडेनं लांबड्या तांदळासारख्या सुया उभ्या. ग्रीसमध्ये चिकटवून ठेवायच्या. जुना क्रॉस पुसायचा, त्यावर नख फिरवायचं. नख अडकलं की क्रॉस गेला. ह्यांच्या बोटांना ते कळायचं नाही, माझ्या नखाला कळायचं.

पण गिऱ्हाइकाला हे कळू द्यायचं नव्हतं. गिऱ्हाईक दिसलं की हे खोकायचे. मी मागच्या बाजूनं सरपटत निघायची, पत्र्याच्या फटीतून बाहेर, थेट गटाराच्या कडेला. हे गालाला ग्रीस चोपडून पुढं उभे. हळद लागलेल्या नवरदेवासारखे. आणि मी फटीआड तोंडाला पदर लावून हसायची. काय फसवलं गिऱ्हाइकाला! फसतंय कोण, हे कळायला बाईसाहेबांना सात वर्षं लागली.

त्या दिवशी हे चहाला गेलेले, साहेब वेळेआधी आला. खोकणार कोण?

साहेब एका कंपनीतला मोठा. नवीन पनवेलला बंगला. बंगला आहे तिथं माझी सासू भात लावायची. ते असो.

मी बाहेर आले. आणि हसले. तो मला बुटानं टोचून उठवतो आणि मी दात दाखवते. अजून आठवलं की ते दात पाडावेसे वाटतात.

"बाईचा हात लागलेला भाग मला नको. घाट चढायचाय," तो ह्यांना म्हणाला. "सगळं खोल. माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं बसव." मग मला, "तू नळावर जा. हात धू आणि तिथंच उभी राहा."

गेले. हात धुतले. साबण लावून!

हे कण्हत खाली शिरले. मी घट्ट केलेले बोल्ट काढले, शाफ्ट उतरवला, जॉईंट सुटा केला. चांगला बसलेला जॉईंट. परत वाट्या ठोकायला लागले. वाटी नीट गेली की आवाज भरीव येतो. हा पोकळ आला. नळापर्यंत ऐकू आला मला. आत एक सुई आडवी झाली होती. वर लावायची क्लिप खाचेत बसेना, तर ती हातोडीनं दाबली.

"झाला, साहेब." आणि माझ्याकडं बघितलं. गप राहा, असं.

मला राग आला नव्हता. खोटं कशाला सांगू? दमले होते. सात वर्षं कोपरं सोलून घेतलेली. आता भ्यायचाही कंटाळा आला होता.

"आत सुई पडलीय. घाटात तुटंल जॉईंट."

"गप बस गो!"

"तुमी गप बसा. सात वर्सं मीच बसवतेय." साहेबाकडं वळले. "तुमच्या जीपचा मागल्या खेपेचा जॉईंट पन माझाच हाय. चाललाय ना?"

मी शाफ्ट उचलून धरला. जॉईंट आपल्या वजनानं झुलायला हवा. हा मेलेल्या खेकड्याच्या नांगीसारखा आखडून राहिला. तिथंच, जमिनीवर, उन्हात बसून मी तो खोलला. वाटीच्या तळाशी आडवी सुई. ती तळहातावर घेऊन त्याच्यापुढं धरली.

त्यानं सुईकडं बघितलं. माझ्याकडं नाही. ह्यांना म्हणाला, "मिस्त्री, तुझ्या बाईला जरा आवर."

नवी वाटी लावून जॉईंट मीच बसवला. शाफ्ट मीच चढवला. तो रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. गेला तो परत आला नाही, त्याच्या सोसायटीतल्या गाड्याही आल्या नाहीत. हे चार दिवस बोलले नाहीत. माझ्या बोलण्यानं कुणाचं तोंड गोड झालं, असं मी सांगत नाही.

पाचव्या दिवशी मी मागच्या फटीवर पत्रा ठोकला. बारा खिळे.

"वारा कुठून येल आता?" हे म्हणाले.

"फुडून. मी पन फुडूनच येनार."

आता गुडघे गेलेत, खाली वाकवत नाही. पण तो पत्रा तसाच आहे. मला पुढं उभी बघून ज्याला गाडी वळवायची, त्यानं खुशाल वळवावी. मी जिवंत आहे तोवर ती फट कुणी उघडायची नाही.